कार्टून फिल्म : मेहनत कोणाची, यंत्र कोणाचे?

घरोघरी मुले कार्टून पाहत बसतात. आम्ही पडलो कापडवाले; पण ही चित्रे कशी हलतात याची माहिती घेतली, तेव्हा आमच्याच मागाची आठवण झाली.

हिशेब सोपा आहे. सिनेमात सेकंदाला 24 चित्रे सरकतात, म्हणजे मिनिटाला 1440. एकाच चित्राचे दोन फोटो घेतले, तरी 720 चित्रे काढावी लागतात. ही मेहनत वाचवण्यासाठीच निरनिराळ्या पद्धती निघाल्या.

पहिली पद्धत वस्तू सरकवण्याची. बाहुली, माती किंवा काडी जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये आगकाड्यांची अशीच फिल्म केली होती.

दुसरी कात्रीची. जर्मनीच्या लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या कापल्या, त्यांचे सांधे तारेने जोडले आणि काचेवर ठेवून खालून उजेड दिला. अलिफ लैलातील कथांवर बेतलेली त्यांची शहजादा अहमदची फिल्म 1926 मध्ये आली. आकृती एकदा कापली की पुढे फक्त हातपाय सरकवायचे.

तिसरी पद्धत पारदर्शक तावांची. मागचा देखावा एकदाच रंगवायचा आणि त्यावर पात्राचे ताव बदलत जायचे. डिस्नेची 'स्नो व्हाइट' (1937) अशीच झाली. तावावर चित्र गिरवणाऱ्या व रंग भरणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. 1961 च्या सुमारास झेरॉक्सने त्यांचे गिरवण्याचे काम घेतले. 1990 पर्यंत संगणकाने रंगाचे कामही घेतले.

चौथी पद्धत संगणकाची. 'टॉय स्टोरी' (1995) ही संपूर्ण संगणकावर बनलेली पहिली पूर्ण लांबीची फिल्म. पात्र एकदा घडवायचे, मग त्याचे सांधे हलवायचे. जकार्डची कार्डे एकदा टोचली की माग नक्षी विणत जातो, तसलाच हा प्रकार.

यातून आपण काय घ्यावे? नक्कल करणाऱ्याचे काम यंत्राने आधी घेतले. पात्र कसे चालेल, कुठे थबकेल, हे ठरवणाऱ्याला मात्र प्रत्येक पद्धतीत जागा राहिली. कपड्याच्या धंद्यातही नक्षी काढणारा आणि नुसता छापणारा यांच्यात हाच फरक आहे. म्हणून मुलाला चित्रांचा शौक असेल, तर माणूस, पाखरू, बैल चालताना पाहून काढायला लावा. संगणक त्यानंतर शिकता येतो. नजर मात्र आधी तयार व्हावी लागते.