कुशीवर नजर, श्वासावर पहारा

तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीच्या पट्ट्यात शेळी म्हटली की उस्मानाबादीच. बहुतेक काळी, जुळी करडे देणारी, कोरड्या रानात तग धरणारी. पण पीपीआर हा विषाणूजन्य आजार किंवा न्यूमोनिया कळपात शिरला की हा काटकपणा पुरत नाही. खोकला ऐकू येईपर्यंत शेजारच्या शेळ्यांनाही लागण झालेली असू शकते. श्वास त्याआधी बदलतो.

मिनिटभर मोजा

सावलीत निवांत बसलेल्या जनावराची कूस पाहा. ती एकदा फुगून खाली गेली की एक श्वास. मोठ्या शेळीचे मिनिटाला साधारण 15 ते 30, गाईचे 15 ते 35, करडा-वासरांचे जास्त. रोज पहाटे एकाच वेळी मोजून वहीत लिहावे. आपल्या जनावराचा नेहमीचा आकडा माहीत असला, तरच वाढ लक्षात येते.

यंत्रे काय करतात?

गळ्यातल्या पट्ट्यातील सेन्सर हालचाल टिपतो. त्यावरून रवंथ आणि काही पट्ट्यांत धापही ओळखली जाते. उष्णता टिपणारा कॅमेरा नाकपुडीकडे पाहतो: आत जाणारी हवा गार, बाहेर पडणारी उबदार, म्हणून प्रत्येक श्वासाला तिथले तापमान वर-खाली होते. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी डुकरांचा खोकला माइकवरून ओळखण्याची पद्धत विकसित केली. बंदिस्त शेडमध्ये ती उपयोगी आहे. रानात चरणाऱ्या कळपात वारा आणि घंटांच्या आवाजात खोकला वेगळा काढणे अवघड. म्हणून दहा-बारा शेळ्यांच्या घराने आधी थर्मामीटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊन की आजार?

एप्रिल-मेच्या दुपारी निरोगी गाईचेही श्वास 60च्या वर जातात. सावली आणि पाणी मिळाल्यावर, संध्याकाळच्या गारव्यात आकडा खाली आला तर कारण ऊन. पहाटेही धाप, नाकातून घट्ट शेंबूड, चाऱ्याला तोंड नाही आणि शेळीचा ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर असेल, तर तो आजार. अशी शेळी लगेच वेगळी बांधावी.

घटसर्प थांबत नाही

गाई-म्हशींत, विशेषतः म्हशींत, गळ्याला सूज आणि घशात घरघर ही घटसर्पाची लक्षणे दिसली की हाती काही तासच उरतात. अनेकदा जनावर दिवसभरात दगावते. इथे श्वास मोजत बसू नये, 1962 या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवावे. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर देता येते.