साधन म्हणतं पास!
(लेखांक ६)

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक निदान ४.५ : १ असावा, हे मागच्या भागात पाहिलं. असली मोजमापं लाइटहाउस, ॲक्स, वेव्ह ही संकेतस्थळ अपंगांना वापरता येतं का हे तपासणारी साधनं चोख करतात. अडचण तिथून पुढे आहे, कारण अहवाल हिरवा आला की आपल्याकडे तपासणी संपली असं धरतात.

पानाची भाषा कोडमध्ये नोंदवावी लागते: मराठीला ‘एमआर’, इंग्रजीला ‘ईएन’. तयार इंग्रजी साचा उचलून त्यात मराठी मजकूर भरला, की ‘ईएन’ तसंच राहून जातं. भाषा नोंदवली आहे ना, कोड खरा आहे ना, एवढंच साधन बघतं आणि पास करतं. अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी आवाज लावतो. मग देवनागरी वाचताना तो अडखळतो, नाहीतर चक्क गाळून पुढे जातो.

मराठी पीडीएफची कथा याहून वाईट. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत असतात रोमन अक्षरं. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच! स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचणार. कागद स्कॅन करून चढवला असेल तर तेवढंही नाही, कारण तो नुसता फोटो. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर ठीक. अगम्य रोमन अक्षरं आली किंवा काहीच निवडता आलं नाही, तर फाइल युनिकोडमध्ये नव्याने करायला हवी.

आता संकेतस्थळाकडे परत येऊ. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्ड वापरून त्यावरचा फॉर्म भरा. त्यानंतर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावा (विंडोजवर फुकट मिळतो) आणि स्क्रीन बंद करून तोच फॉर्म पुन्हा भरा. बटणावरच्या रफार-वेलांट्या वरून कापल्या गेल्यात का, हेही बघा. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची ठरवली की ‘कर्ज’चं ‘कज’ होतं, आणि कोणतंही साधन चकार शब्द काढत नाही.

एवढं केलं तरी खऱ्या वापरकर्त्याला पर्याय नाही. ऑनलाइन केवायसीत माणूस जिवंत आहे हे ठरवायला डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना ते शक्य नव्हतं, त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या सॉफ्टवेअरमध्ये तांत्रिक बिघाड नव्हता. पापणी मिटू न शकणारा माणूस ते बनवताना कुणाच्या डोक्यातच नव्हता.

म्हणून रोज टॉकबॅक (अँड्रॉइड फोनवरचा स्क्रीन रीडर) वापरणाऱ्या कुणाला तरी बोलवा, त्यांच्या वेळेचं मानधन द्या आणि एकच काम सांगा: अर्ज भरून पोचपावती मिळवा. मध्येच ‘अहो, खाली बघा’ म्हणू नका. ते कुठे अडले, तेवढं टिपून घ्या.