इंग्रजीचा भूतकाळ: नियम पाठ, तरी वाक्य का चुकते?

मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थ्याला इंग्रजी क्रियापदांची रूपे विचारली, तर तो 'गो, वेंट, गॉन' आणि 'कम, केम, कम' अशी मालिका न अडखळता म्हणून दाखवतो. त्याच विद्यार्थ्याला 'काल शाळेत का आला नाहीस?' असे इंग्रजीतून विचारले, तर त्याच्या तोंडून सहज निघते, 'आय डिड नॉट केम.' तारीख विचारली, तर 'ट्वेंटी फर्स्ट' ऐवजी 'ट्वेंटी वन्थ' असे उत्तर मिळते, आणि वहीत एकवीस या आकड्यापुढे 'टी एच' ही अक्षरे येतात.

पाठ असलेला नियम बोलताना का सापडत नाही, हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. दक्षिण भारतातील शाळांमध्ये तो पूर्वीपासून विचारला जात होता. १९७९ ते १९८४ या काळात तेव्हाच्या बंगलोरमध्ये, म्हणजे आजच्या बंगळुरूमध्ये, याच प्रश्नाचा शोध घेणारा एक प्रयोग झाला. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात तो आजही 'बंगलोर प्रकल्प' या नावाने ओळखला जातो. व्याकरणाचा पाठ न देता मुलांना व्याकरण येईल का, हे त्यात तपासण्यात आले.

चूक कोठून येते?

'आय डिड नॉट केम' या वाक्यामागे निष्काळजीपणा नाही. त्यामागे मातृभाषेची शिस्त आहे. मराठीत 'मी आलो' या वाक्याचा नकार 'मी आलो नाही' असा होतो आणि प्रश्न 'तू आलास का?' असा होतो. नकारात आणि प्रश्नात मुख्य क्रियापद भूतकाळातच राहते. इंग्रजीत मात्र भूतकाळाचा भार 'डिड' हे सहायक क्रियापद उचलते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते. त्यामुळे 'डिड नॉट कम' असे म्हणावे लागते. भूतकाळ एकदाच दाखवायचा, ही इंग्रजीची रीत मराठी मुलाच्या कानाला अपुरी वाटते आणि तो भूतकाळ दोनदा दाखवतो.

या बाबतीत कन्नड भाषा इंग्रजीच्या अधिक जवळ आहे. कन्नडमध्ये 'मी गेलो' यासाठी 'नानु होदे' असे म्हणतात. परंतु 'मी गेलो नाही' याचे रूप 'नानु होगलिल्ल' असे होते. येथे 'होदे' हे भूतकाळाचे रूप नाहीसे होते, धातूपासून बनलेले वेगळे रूप येते आणि त्याला नकार जोडला जातो. म्हणजेच एकाच बाकावर बसलेल्या कन्नड आणि मराठी भाषक मुलांना हा एकच नियम सारखाच अवघड जाईल, असे नाही.

दुसरी अडचण पूर्ण भूतकाळाची आहे. 'मी काल त्याला भेटलो होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे. त्याचे शब्दशः रूपांतर 'आय हॅड मेट हिम येस्टरडे' असे होते. इंग्रजीत 'हॅड मेट' हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय घडले, हे सांगण्यासाठी वापरतात. केवळ काल भेट झाली, एवढेच सांगायचे असेल तर 'आय मेट हिम' हा साधा भूतकाळ पुरेसा असतो.

एका बाबतीत मात्र इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे. 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली', 'त्यांनी फळ खाल्ले' या वाक्यांत मराठी क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'एट' हे एकच रूप चालते. 'वॉज' आणि 'वेअर' हा भेद वगळला, तर कर्ता कोणीही असला तरी भूतकाळाचे रूप बदलत नाही. मराठी मुलांना ही सवलत सहसा कोणी सांगत नाही.

पहिला, दुसरा, तिसरा

क्रमवाचक संख्यांची गोष्ट अशीच आहे. पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा ही मराठी रूपे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. पाचव्यापासून 'वा' हा प्रत्यय लागतो आणि पुढे तोच कायम राहतो. एकवीसचे 'एकविसावा' होते. तेथे 'पहिला' परत येत नाही. कन्नडमध्येही 'एरडने', 'मूरने' असा 'ने' हा शेवट पुढच्या संख्यांना लागत जातो.

इंग्रजीत फर्स्ट, सेकंड आणि थर्ड हे तीन शब्द अनियमित आहेत आणि चारपासून 'थ' हा शेवट येतो. परंतु वीस ओलांडले की पहिले तिन्ही शब्द परततात. ट्वेंटी फर्स्ट, ट्वेंटी सेकंड, ट्वेंटी थर्ड, पुन्हा थर्टी फर्स्ट, असा हा क्रम चालतो. मात्र अकरा, बारा आणि तेरा यांना तो लागू होत नाही. 'ट्वेंटी वन्थ' म्हणणारे मूल म्हणजे मराठीतील 'एकविसावा' हा नियम इंग्रजीत इमानाने पाळणारे मूल होय. त्यातच मराठीत आपण तारीख 'पंधरा ऑगस्ट' अशी साध्या संख्येने सांगतो, तर इंग्रजीत 'फिफ्टीन्थ' हे क्रमवाचक रूप बोलले जाते.

इंग्रजीतील या अनियमिततेला इतिहास आहे. 'सेकंड' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्यापूर्वी दुसऱ्यासाठी इंग्रजीत 'अदर' हाच शब्द होता. 'वेंट' हे रूप मुळात 'वेंड' या निराळ्या क्रियापदाचे. ते 'गो'च्या भूतकाळात येऊन बसले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'जाणे' या क्रियापदाचा भूतकाळ 'गेला' होतो, आणि त्या दोन रूपांतही वरवर पाहता काही साम्य नाही. रोजच्या वापरातील शब्द सतत तोंडात राहतात, म्हणून त्यांची जुनी, वेडीवाकडी रूपे टिकतात. इंग्रजीत सर्वांत अधिक वापरली जाणारी क्रियापदे अनियमित आहेत, ती याच कारणाने.

बंगळुरूची पार्श्वभूमी

दक्षिणेकडील राज्यांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी बंगळुरू येथे १९६३ साली प्रादेशिक इंग्रजी संस्था स्थापन झाली. त्या काळात दक्षिणेतील शाळांमध्ये 'संरचना पद्धती' रूढ झाली होती. या पद्धतीत भाषेची वाक्यरचनांमध्ये विभागणी केली जाई. आधी वर्तमानकाळ, नंतर चालू काळ, त्यानंतर साधा भूतकाळ, असा क्रम ठरलेला असे. शिक्षक एक रचना घेत, ती प्रसंगातून दाखवीत आणि वर्गाकडून सामुदायिकरीत्या वदवून घेत.

ही पद्धत रटाळ होती म्हणून नव्हे, तर तिचे फळ टिकत नव्हते म्हणून तिच्याविषयी शंका निर्माण झाली. तासाला बिनचूक म्हटलेले वाक्य मूल तासानंतर स्वतःच्या गरजेसाठी वापरू शकत नव्हते. ब्रिटिश कौन्सिलच्या चेन्नई येथील कार्यालयात इंग्रजी शिक्षणाचे काम पाहणारे एन. एस. प्रभू यांनी या अनुभवावरून वेगळी भूमिका मांडली. मुलाचे लक्ष अर्थावर, म्हणजे एखादा प्रश्न सोडवण्यावर केंद्रित असते, तेव्हाच व्याकरणाची जाण त्याच्या नकळत घडत जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

या भूमिकेची परीक्षा प्रत्यक्ष शाळांमध्ये घेण्याचे ठरले. पाच वर्षांत बंगळुरू, चेन्नई, कडलूर अशा ठिकाणच्या आठ वर्गांमध्ये हे काम झाले. त्यात १८ शिक्षक आणि ८ ते १५ वर्षे वयोगटातील सुमारे ३९० मुले सहभागी होती. घरात इंग्रजी नसलेल्या मुलांचे हे वर्ग होते.

व्याकरणाविना इंग्रजीचा तास

या वर्गांसाठी वाक्यरचनांची यादी करण्यात आली नाही. त्याऐवजी कृतींची यादी करण्यात आली. महिन्याचे कॅलेंडर, शाळेचे वेळापत्रक, रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, घड्याळ, पैशांचा हिशेब, वय आणि जन्मवर्ष हे त्यांचे विषय होते. भूतकाळ आणि क्रमवाचक संख्या या विषयांत कशा आपोआप येतात, हे एका उदाहरणावरून समजेल.

समजा, फळ्यावर तीन भावंडांची जन्मवर्षे लिहिली आहेत: १९६६, १९६९ आणि १९७४. शिक्षक इंग्रजीतून विचारतात, 'हू वॉज बॉर्न फर्स्ट?' त्यानंतर विचारतात, 'हाउ ओल्ड वॉज द सेकंड चाइल्ड व्हेन द थर्ड वॉज बॉर्न?' मुलाला येथे वजाबाकी करून 'पाच' हे उत्तर काढायचे आहे. त्यासाठी 'वॉज', 'सेकंड' आणि 'थर्ड' या शब्दांचा अर्थ लावल्याशिवाय गत्यंतर नाही. तसेच कॅलेंडरचे आहे. पहिला सोमवार तीन तारखेला असेल, तर तिसरा सोमवार कधी? मूल 'सेव्हन्टीन' म्हणाले, तर शिक्षक 'येस, द सेव्हन्टीन्थ' असे म्हणून पुढे जातात. चूक दुरुस्त होते, पण तिच्यासाठी तास थांबत नाही.

प्रत्येक तासाचे दोन भाग असत. आधी शिक्षक संपूर्ण वर्गाबरोबर एक कृती सोडवीत. नंतर तशीच दुसरी कृती प्रत्येक मूल स्वतः सोडवी. वर्गातील निम्म्या मुलांना निम्मे काम जमले, तर कृतीची पातळी योग्य, असा अंदाज ठेवण्यात आला होता. याहून सोपे काम डोक्याला चालना देत नाही आणि याहून अवघड काम मुलाला नाउमेद करते, असा त्यामागील विचार होता.

तपासणीत काय आढळले?

या प्रयोगाचे मूल्यमापन ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस या ब्रिटनमधील अभ्यासकांनी केले आणि त्यांचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगातील वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेले वर्ग यांची अनेक चाचण्यांत तुलना करण्यात आली.

निकाल एकतर्फी नव्हता. वाक्यरचनेच्या नेहमीच्या परीक्षेत जुन्या पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली. कृतींवर आधारित चाचणीत प्रयोगातील मुले पुढे होती. संदर्भातून व्याकरण ओळखणे, श्रुतलेखन आणि आकलन अशा, दोन्ही पद्धतींपासून अलिप्त मानलेल्या चाचण्यांमध्ये एकंदर कल प्रयोगातील मुलांच्या बाजूने होता. व्याकरण न शिकवताही त्याची जाण येऊ शकते, याला या निष्कर्षाने आधार मिळाला. मात्र वर्ग नव्याने समतोल पाडून निवडलेले नव्हते आणि शिक्षकांतही फरक होता. त्यामुळे मूल्यमापन करणाऱ्यांनी आपला निष्कर्ष सावधपणे मांडला.

खरी मर्यादा आणखी एका ठिकाणी दिसली. बेरेटा यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बाहेरून आलेल्या तज्ज्ञ शिक्षकांना ही पद्धत चांगली राबवता आली. परंतु शाळांतील नेहमीच्या शिक्षकांना ती जड गेली. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून संपूर्ण तासभर इंग्रजीतून प्रश्नोत्तरे करण्यासाठी स्वतःच्या इंग्रजीवर विश्वास असावा लागतो. तो शिक्षकाला मिळवून देण्याची व्यवस्था अपुरी होती.

प्रयोगानंतर

प्रभू यांनी १९८७ साली या प्रयोगावरील पुस्तक प्रसिद्ध केले आणि 'कृतीवर आधारित भाषाशिक्षण' हा विचार जगभर पोहोचला. त्यानंतरच्या अभ्यासकांनी त्यात एक दुरुस्तीही केली. अर्थावर लक्ष असतानाच अधूनमधून रूपाकडे थोडे लक्ष वेधले, तर अचूकता वाढते, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

दरम्यान, इंग्रजी शाळेत लवकर आली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. कर्नाटकातील सरकारी शाळांनीही २००७ साली तेच पाऊल टाकले. परंतु इयत्ता बदलली म्हणून शिकण्याची रीत बदलतेच असे नाही. 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नात 'वेंट' लिहून गुण मिळवणारा विद्यार्थी पुढे मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्ये सांगताना अडखळतो आणि 'मला इंग्रजी येत नाही' असे स्वतःच ठरवून टाकतो. नुकसान होते ते येथे.

घरी आणि वर्गात काय करता येईल?

बंगळुरूच्या अनुभवावरून काही साध्या गोष्टी सुचतात. भूतकाळाची रूपे पाठ करून घेण्याबरोबरच मुलाला काल काय काय केले, हे रोज चार वाक्यांत सांगू द्यावे. त्यातील एक तरी वाक्य नकारार्थी असावे, कारण 'डिड नॉट' नंतरची चूक तेथेच सापडते. घरातील मंडळींची जन्मवर्षे, एसटीचे वेळापत्रक, क्रिकेटचा धावफलक, भिंतीवरचे कॅलेंडर या सर्वांतून क्रमवाचक संख्यांचे खरेखुरे प्रश्न तयार होतात.

मूल चुकले, तर बरोबर वाक्य सहजपणे उच्चारून संभाषण पुढे न्यावे. तीच चूक वारंवार होत असेल, तर मराठी वाक्य शेजारी लिहून दोन भाषांतील फरक दाखवावा. 'मराठीत आलो नाही, इंग्रजीत येणे नाही' एवढे स्पष्टीकरण अनेकदा पुरते. आणि एक गोष्ट शिक्षक व पालकांनी लक्षात ठेवावी. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ती मुलेही लहानपणी 'वेंट' ऐवजी 'गोड' म्हणतात, जसे मराठी मूल 'केले' ऐवजी 'करले' म्हणते. अशी चूक करणारे मूल नियम शोधत असते. त्याला त्या वेळी लाल शाईपेक्षा आणखी एका प्रश्नाची गरज अधिक असते.