पहिली चिकटवही करताना

चकलीच्या भाजणीचं प्रमाण आईनं मला एका कागदावर लिहून दिलं होतं. तेव्हा मी कॉलेजात होते. कागद हरवू नये म्हणून मी तो वहीत ठेवून वरून चांगली रुंद चिकटपट्टी लावली. गेल्या दिवाळीत वही उघडली, तर पट्टी पिवळी पडून तिचा गोंद पाझरलेला, बॉलपेनची शाई फुटलेली. तांदूळ आणि डाळी कशाबशा वाचता आल्या. धने-जिरे किती, ते काही केल्या लागेना. विचारायला आई आता नाही.

मैत्रिणींनो, जपायला म्हणून केलं आणि तेच नेमकं घातक ठरलं! म्हणून चिकटवही सुरू करण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

चिकटवही म्हटलं की मुलांचा शाळेतला प्रकल्प आठवतो. पण हा छंद मोठ्यांचा आणि जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ साली आयत्या गोंदाच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं की झालं!

सुरुवात लहान करावी. ‘सगळ्या घराचा इतिहास’ असा घाट घातला की पहिल्या आठवड्यातच खोकी परत माळ्यावर जातात. एकच विषय घ्या : धाकट्याचं पहिलं वर्ष, माहेरचं घर, आईच्या हातच्या पाककृती. दहा-बारा पानं पुष्कळ झाली. मोबाइलमधल्या शेकडो फोटोंतून वीसच निवडा आणि स्टुडिओतून कागदावर काढून आणा.

वही बांधीव नको. जाड कागदाची सुटी पानं घ्यावीत, कडेला भोकं पाडून दोरीनं बांधावीत. म्हणजे पान बिघडलं तर बदलता येतं, वाढवताही येतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निन या द्रव्यामुळे तो उजेडा-हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद त्या मानानं खूप टिकतो. कात्रण ठेवायचं असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती लावा. दुकानातल्या गुळगुळीत बिलांवरची अक्षरं तर काही महिन्यांत उडतात. त्यांचीही झेरॉक्सच बरी.

आता चिकटवणं. नियम एकच : लावलेलं पुन्हा काढता आलं पाहिजे. चिकटपट्टी नको, प्लॅस्टिकच्या पडद्याखाली चिकट पानं असलेले अल्बमही नकोत. काही वर्षांनी त्यातला फोटो निघता निघत नाही. फोटोसाठी कागदी कोपरे घरी करावेत. दोन इंच लांब, अर्धा इंच रुंद पट्टी आडवी धरा. मधोमध टोक येईल अशी तिची दोन्ही टोकं खाली दुमडा. झाला त्रिकोणी खिसा! फोटोचा कोपरा त्यात सरकवा. पट्टीच्या शेपट्या फोटोच्या मागे येतील. खळ फक्त त्यांना लावायची, फोटोला नाही.

खळ घरचीच. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे थंड पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर ब्रशनं अगदी पातळ लावा. उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्या. पान पुरतं वाळल्याशिवाय वही मिटू नये. ओल राहिली की बुरशी आलीच. खळीला कसर लागते, म्हणून वही कोरड्या कपाटात ठेवावी आणि अधूनमधून काढून चाळावी. भिंतीला ओल असेल तर माळ्यापेक्षा कपड्यांचं कपाट बरं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लिहिणं. रंगीत कागद, टिकल्या, फुलं नसली तरी चालतं. पण कोण, कुठे, कधी एवढं फोटोशेजारी असायलाच हवं. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढून वळ उठतात. पानावरच शिसपेन्सिलीनं लिहा.

मी पहिली वही सासूबाईंच्या जुन्या फोटोंची घेतली. एका फोटोत अंगणात नऊ बायका पापड लाटताहेत. मला त्यांतल्या फक्त सासूबाई ओळखू आल्या. त्यांना विचारलं, तर त्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगू लागल्या. कोण कुणाची जाऊ, कोण कुठे दिलेली, कुणाचा पापड सगळ्यांत पातळ! सात नावं आठवली. दोन राहिली. ‘चार वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर सांगितली असती गं,’ म्हणाल्या.

तेव्हा कागद आणि कोपरे सावकाश आणले तरी चालतील. पेन्सिल मात्र आजच घ्या आणि घरातल्या मोठ्या माणसापाशी जाऊन बसा. आईची चिठ्ठी मी आता सुटी करून साध्या कागदाच्या पाकिटात ठेवली आहे. शेजारी वाचता आलं तेवढं प्रमाण माझ्या अक्षरात उतरवलं. धने-जिऱ्यापुढची जागा तूर्त कोरी आहे. या वेळी चार घाणे करून बघेन आणि मग लिहीन.