मुदत दोघांची असते

'मुदत' हा शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ कालावधी. कालावधीला सुरुवात असते आणि शेवटही असतो. बँकेत मुदत ठेव ठेवताना पैसे कधी मिळणार हे आपण विचारतो, तसेच ते कोणत्या तारखेला ठेवले याचीही पावती घेतो. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'डेडलाईन' या इंग्रजी शब्दाची कुळकथा वेगळी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली असे आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे हा शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रुळला आणि तिथून सगळीकडे गेला. मुदतीला दोन टोके असतात. डेडलाईनला एकच, आणि ते कैद्याच्या बाजूचे.

गेली काही वर्षे मी ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील छोट्या स्वयंरोजगारांची टिपणे ठेवतो आहे. त्यात घरी बसून वेबसाइट बनवून देणाऱ्यांशी, म्हणजे फ्रीलान्स वेब डिझायनरांशी, वारंवार बोलणे झाले. घाईची कामे ते कशी पार पाडतात आणि ती का फसतात, हे समजून घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. काम उशिरा होते ते बहुतेक वेळा डिझायनरचा हात मंद असतो म्हणून नव्हे. मुदतीचे पहिले टोक कुणी बांधलेलेच नसते, म्हणून.

धंदा इथे का रुजला

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून या गावांची घडी मुंबईच्या कचेऱ्यांनी बसवली. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईत नोकरीला जायचे तर घर ते कचेरी आणि परत मिळून तीन तास सहज जातात. ज्याला संगणकावरचे काम येते त्याला हे तीन तास वाचवण्याचा मोह होणारच. बरेच जण डीटीपीतून या धंद्यात आले. लग्नपत्रिका, कार्य-अहवाल, स्मरणिका जुळवता जुळवता त्यांनी वेबसाइटचे तंत्र उचलले. ग्राहकही आसपासचेच: कोचिंग क्लास, दवाखाने, केटरर, साडीची दुकाने, दागिन्यांचे कारागीर, बिल्डर, संस्था.

त्यामुळे कामाचा हंगाम इथल्या दिनदर्शिकेवर ठरतो. क्लासवाल्यांना दहावी-बारावीच्या निकालाआधी साइट हवी असते, दुकानदारांना दिवाळीआधी, सहलवाल्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. या तारखा सरकवता येत नाहीत. धनत्रयोदशीनंतर दोन दिवसांनी सुरू झालेली साइट दिव्यांच्या विक्रेत्याला काय कामाची?

सत्तावीस दिवसांचा हिशेब

एक काल्पनिक पण नेहमीच्या वळणाचे उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातील एका साडीच्या दुकानदाराने घटस्थापनेला काम दिले आणि धनत्रयोदशीला साइट सुरू हवी म्हणून सांगितले. मध्ये साधारण २७ दिवस मिळतात. डिझायनरचे प्रत्यक्ष काम १२ दिवसांचे. वाटते, निम्म्याहून अधिक वेळ हातात आहे.

पण दसऱ्याच्या विक्रीत गुंतलेला दुकानदार मजकूर आणि फोटो १० दिवसांनी देतो. पहिला आराखडा दाखवल्यावर पुण्याचा जावई तो पाहून मत देईपर्यंत ४ दिवस जातात. किमतींची यादी यायला आणखी ३ दिवस. असे १७ दिवस गेले, आणि त्यातला एकही डिझायनरच्या हातात नव्हता. उरलेल्या १० दिवसांत १२ दिवसांचे काम रात्री जागून बसवायचे. शेवटी साइट एक दिवस उशिरा सुरू झाली, तर 'उशीर केला' हा शिक्का मात्र डिझायनरवर बसतो.

याशिवाय काही अडथळे बाहेरून दिसतच नाहीत. ग्राहकाने ऑनलाइन पैसे घ्यायचे ठरवले तर पेमेंट गेटवे कंपनी पॅन, बँक खाते वगैरे कागद तपासते. त्याचबरोबर साइटवर संपर्काचा पत्ता, परतावा आणि गोपनीयतेचे नियम आहेत का, हेही पाहते. म्हणजे साइट दिसल्याशिवाय मंजुरी नाही आणि मंजुरीशिवाय विक्री नाही. म्हणून जाणते डिझायनर पहिल्याच आठवड्यात ही नियमांची पाने आणि चार उत्पादने टाकून अर्ज करून मोकळे होतात, सजावट मागाहून.

दुसरा अडथळा खास आपल्या भाषेचा. ग्राहकाचा जुना मराठी मजकूर पुष्कळदा श्री-लिपीसारख्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये असतो. या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे सांकेतिक क्रमांक युनिकोडपेक्षा वेगळे असतात. तो मजकूर तसाच साइटवर चिकटवला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत गफलती राहतात आणि प्रत्येक ओळ वाचून काढावी लागते. 'मजकूर तयारच आहे' या वाक्यात दोन दिवसांचे काम दडलेले असते.

तिसरा अडथळा साइटच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा. ते आधीच्या डिझायनरच्या किंवा भाच्याच्या ईमेलवर घेतलेले असते आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. नाव नव्या सर्व्हरकडे वळवल्यावर तो बदल जगभर पोहोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून हे काम आदल्या रात्रीवर टाकायचे नसते.

आणि काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. महासाथीमुळे त्या दिवशी असंख्य लोक घरून काम करत होते. ज्याने आपले वेळापत्रक अखेरच्या तासापर्यंत ताणलेले असते, त्याला असा एक दिवस पुरतो.

अंदाज का चुकतो

सगळा दोष ग्राहकावर ढकलणेही खरे नाही. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतोच. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल असे विचारले. सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. 'सगळेच बिघडले तर?' या प्रश्नावर उत्तर होते ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सर्वांत वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा गोड निघाली.

यावर उपाय साधा आहे: आगाऊ कल्पना करण्याऐवजी मागच्या तीन-चार कामांना खरोखर किती दिवस लागले ते पाहायचे. त्यासाठी नोंद हवी. एका साध्या वहीत रोजचे तास आणि 'कशाची वाट पाहिली' हा रकाना ठेवणारा डिझायनर वर्षभरात कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला अंदाज बांधू लागतो.

अंगावर आल्यावर मदतनीस घेणे हा मात्र भरवशाचा उपाय नव्हे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात लिहून ठेवले की, आधीच लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली की ते आणखी लांबते. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचाच वेळ जातो. अंबरनाथच्या मित्राला चार दिवस उरले असताना बोलावून उपयोग नाही. पहिल्या दिवशीच फोटो नीट करण्यासारखे सुटे काम वेगळे काढून दिले तर आहे.

कायद्याने काय म्हटले आहे

मुदत दोघांची असते हे आपला कायदा फार पूर्वीपासून मानतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ६७ वे कलम सांगते की, काम करून घेणाऱ्याने कामासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी दिल्या नाहीत, तर त्यामुळे राहिलेल्या कामाबद्दल करणारा दोषी ठरत नाही. कायद्यातच दिलेले उदाहरण घरदुरुस्तीचे आहे: मालकाने दुरुस्ती कुठे करायची हे दाखवलेच नाही, तर दुरुस्ती न झाल्याची जबाबदारी कारागिरावर येत नाही. घराच्या जागी वेबसाइट ठेवा आणि दुरुस्तीच्या जागी मजकूर. दीडशे वर्षांपूर्वीचा दृष्टान्त आजही लागू पडतो.

पैशांच्या बाबतीत २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आणखी स्पष्ट आहे. 'उद्यम' नोंदणी केलेला एकटा डिझायनरही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. ही नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. काम सुपूर्द केल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर सुपूर्द केल्याच्या दिवशीच काम स्वीकारले असे हा कायदा धरतो. पैसे देण्याची तारीख लेखी ठरली असेल तरी ती स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधी झालेली बरी, म्हणजे पुढे वाद नको. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे, सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च देणे चुकते करेपर्यंत वजा करता येत नाही. ग्राहकाच्या सीएला हे ठाऊक असते.

तरीही परिषदेची पायरी चढायला लोक धजत नाहीत, आणि त्याचे कारण मला समजते. ग्राहक वडिलांचा मित्र असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, फडके रोडवर दिवाळी पहाटेला समोर येणारा असतो. 'घरचंच काम आहे' असे म्हणून सुरू झालेल्या कामात कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे दोघांनाही वाटते. माझ्या पाहण्यात मात्र उलटे आले आहे. ज्यांनी सुरुवातीला चार ओळी लिहून घेतल्या त्यांचे संबंध टिकले. सगळे तोंडी ठेवणाऱ्यांची शेवटच्या आठवड्यात भांडणे झाली आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. कागद भांडणासाठी नसतो, आठवणीसाठी असतो.

चार ओळी कोणत्या

हा कागद वकिली भाषेत असण्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेल्या करारांना मान्यता दिली आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश आणि त्याला आलेले 'मान्य' हे उत्तरही तोंडी शब्दापेक्षा कितीतरी भक्कम.

जे डिझायनर घाईची कामे शांतपणे पार पाडतात, त्यांच्या पद्धतीत पाच गोष्टी समान दिसल्या. ते पहिल्या दिवशी काय लागेलच आणि काय आठवड्याने चालेल, याच्या दोन याद्या करतात. साडीवाल्याला धनत्रयोदशीला २० साड्या, भाव, पत्ता आणि पैसे घेण्याची सोय हवी. 'आमची वाटचाल' हे पान तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू शकते. ते होकार देणारा एकच माणूस ठरवून घेतात, मग घरात चर्चा कितीही होवो. ते दुरुस्तीच्या फेऱ्या मोजून ठेवतात. ते घाईचा वेगळा आकार आधीच सांगतात, कारण रात्रीच्या जागरणाची किंमत कुणी तरी मोजतच असते आणि बहुधा ती घरची माणसे मोजतात. आणि ते दिवस मोजतात ते साहित्य हातात आल्यापासून.

वाचकांपैकी कुणी हे काम करत असेल, किंवा कुणाकडून करून घेत असेल, त्याच्यासाठी अशा संदेशाचा एक नमुना देतो. आपल्या कामाप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

"नमस्कार काका. मजकूर, २० फोटो, भावांची यादी आणि निम्मी आगाऊ रक्कम ज्या दिवशी मिळेल, त्या दिवसापासून १४ दिवसांत साइट सुरू करून देतो. साहित्य जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस तारीख पुढे जाईल. आराखडा दाखवल्यावर दोन दिवसांत तुमचा किंवा दादाचा, एकाचाच, होकार कळवावा. दोन दिवसांत निरोप आला नाही तर होकार समजून पुढे जाईन. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, पुढच्या वेगळ्या. उरलेली रक्कम साइट सुरू झाल्यापासून १५ दिवसांत. मान्य असल्यास कळवावे."

यात मुदतीचे पहिले टोक काकांच्या हातात आहे आणि दुसरे डिझायनरच्या. धनत्रयोदशीला साइट हवी असेल तर साहित्य कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हा हिशेब आता काका स्वतः करतील.