शेताबाहेरचें काम : शुश्रूषेपासून दूरस्थ नोकरीपर्यंत

महाराष्ट्रांत १९७०-७१ सालीं एका खातेदाराच्या वाट्यास सरासरीनें ४.२८ हेक्टर जमीन येत असे. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत हाच आंकडा १.३४ हेक्टरवर आला. ह्या आंकड्यांचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं. वाटणीच्या वेळीं बांध घालतांना तो प्रत्येकाच्या पायाखालीं आलेला आहे. दोन भावांपैकीं एकानें शेत पाहावें व दुसऱ्यानें 'कांहींतरी' करावें असें ठरतें. परंतु तें 'कांहींतरी' म्हणजे नक्की काय, ह्याचा विचार घरांत बसून कोणी करीत नाहीं. पोलिसभरती, तलाठ्याची परीक्षा व शिक्षकी ह्या तीन दारांशीं आमचा तरुण वर्षानुवर्षें ताटकळतो, आणि वय उलटल्यावर मोबाइलच्या दुकानाची गोष्ट निघते. मुलीच्या बाबतींत तर लग्नापलीकडे विचारच जात नाहीं.

कामाविषयीं आपली एक जुनी कल्पना आहे. ज्यांत घाम गळतो तें काम, व ज्यांत खुर्ची मिळते ती नोकरी. ह्या दोहोंत न बसणारे जे उद्योग आज वाढत आहेत, त्यांतील दोन वर्गांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिला वर्ग रोगी, बालक व वृद्ध यांच्या सेवेचा. त्यास आपण हलकें समजतों. दुसरा, घरीं बसून इंटरनेटच्या द्वारें दूरच्या मालकाचें काम करण्याचा. त्यास आपण काम असें समजतच नाहीं.

शुश्रूषेच्या कामाकडे नाक मुरडण्याची खोड आजची नव्हे. सावित्रीबाई फुले १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांना त्याच रोगानें वारल्या. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदनाचें काम सुरू केलें, व तेथून स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण देण्याचा प्रघात पडला, तेव्हांहि प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांस ती गोष्ट रुचली नव्हती. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरीहि आज मुलगी पाहावयास आलेले पाहुणे, 'रात्रपाळी असते काय?' हा प्रश्न ज्या स्वरांत विचारतात, तो स्वर बदललेला नाहीं. ह्याच पाहुण्यांच्या घरीं कोणास अर्धांगवायूचा झटका आला, म्हणजे रात्रीं दोन वाजतां उशाशीं उभी असणारी मुलगी कोणाची तरी लेकच असते, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या शिक्षणाचे मार्ग बारावीनंतर फुटतात. ए.एन.एम.चा क्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, व बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. ए.एन.एम. झालेली मुलगी मुख्यतः उपकेंद्रावर व गांवोगांवच्या लसीकरणाच्या कामांत उपयोगी पडते. रुग्णालयांत वरच्या जागेपर्यंत जावयाचें असल्यास पुढचे दोन मार्ग बरे. येथें एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणीं सहा महिन्यांत 'नर्स' करून देण्याच्या पाट्या लागलेल्या दिसतात. असल्या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलीची राज्याच्या परिचर्या परिषदेंत नोंदणी होऊं शकत नाहीं, आणि नोंदणी नसल्यास ती खाजगी दवाखान्यांत थोडक्या पगारावर राबणारी मदतनीसच राहते. बियाणें घेतांना पिशवीवरील प्रमाणपत्र पाहणारा शेतकरी मुलीच्या दाखल्याचे पैसे भरतांना संस्थेची मान्यता कां विचारीत नाहीं, हें आम्हांस कोडें वाटतें.

केरळांतील शेतकरी कुटुंबांनीं हा व्यवसाय फार पूर्वींच ओळखला. तिकडच्या परिचारिका आखातांत, इंग्लंडांत व जर्मनींत जाऊन राहिल्या, आणि त्यांच्या पैशावर मागें राहिलेल्या घरांचीं छपरें बदललीं. २०२१ सालीं केरळ सरकारच्या संस्थेनें जर्मनीच्या सरकारी रोजगार खात्याशीं परिचारिका धाडण्याचा करारच केला. महाराष्ट्र शासनानेंहि २०२४ सालीं बाडेन-वुर्टेंबर्ग ह्या जर्मन राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीं करार केला आहे. तिकडे जाण्यापूर्वीं जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. तें काम महिन्या-दोन महिन्यांत उरकण्यासारखें नाहीं, व दलालास पैसे दिल्यानें तर मुळींच उरकत नाहीं.

ह्याच प्रसंगीं एक कडू गोष्ट बोलून टाकतों. परिचारिका झालेली मुलगी सोसायटीचें कर्ज फेडते, भावाच्या शिक्षणास हातभार लावते, विहिरीवरच्या मोटरीचे पैसे देते. आणि पुढें वाटणीची वेळ आली म्हणजे तिच्यापुढें हक्कसोडपत्राचा कागद ठेवण्यांत येतो. २००५ सालच्या हिंदु वारसा दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वांटा दिलेला आहे. तिनें तो आपखुशीनें सोडला तर गोष्ट निराळी. तिच्याच पैशानें सोडविलेल्या जमिनीवरून तिचें नांव काढण्याची घाई मात्र आम्हांस शोभत नाहीं.

गांवांतल्या गांवांत चालणारी सेवा ह्याहून निराळी आहे, आणि तींत महाराष्ट्रानें देशास पुष्कळ दिलें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. पुढें कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनीं पाड्यावरील अंगणांतच मुलांस जमवून शिकविण्याची जी पद्धति वाढविली, तिचें अंगणवाडी हें नांव पुढें साऱ्या देशांत रूढ झालें. शासनाची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. जामखेड येथें रजनीकांत व मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्यानें १९७० पासून अल्पशिक्षित, पुष्कळदां निरक्षर अशा खेड्यांतील बायकांकडून आरोग्याचें काम करवून दाखविलें. गडचिरोलींत अभय व राणी बंग ह्या डॉक्टर दांपत्यानें ३९ गांवांतील स्त्रियांस नवजात बालकाची काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. त्यायोगें नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले, असा त्यांचा लेख १९९९ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आला. बाळाचें वजन करणें, त्यास ऊब देणें, श्वास मोजणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून वेळीं औषध देणें, एवढेंच तें काम. तें ज्या हातांनीं केलें ते खुरपणीचे हात होते.

पुढें हीच पद्धति आशा कार्यकर्तीच्या कामांत आली. आशांची योजना २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. साधारणतः हजार लोकवस्तीस एक आशा असा नियम आहे. दवाखान्यांत बाळंतपण झाल्यास बेचाळीस दिवसांत सहा वेळां, व घरीं झाल्यास सात वेळां तिनें बाळाच्या घरीं जावें लागतें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा सन्मान केला. सन्मान झाला हें ठीकच. परंतु कायद्याच्या दृष्टीनें ती अजून स्वयंसेविका आहे, आणि तिला पगार नसून कामागणिक मोबदला मिळतो. अंगणवाडीसेविकेस 'मानसेवी' म्हणण्याची पद्धतहि तशीच. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडीसेविका व मदतनीस यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हां 'मान' आणि 'सेवा' यांच्या पलीकडे कांहीं देणें लागतें, हें एका बाबतींत तरी मान्य झालें. आमचे पुष्कळ वाचक ग्रामपंचायतींत बसतात. अंगणवाडीची इमारत गळते कीं नाहीं, तेथें पाण्याचा नळ आहे कीं नाहीं, हें पाहणें त्यांच्या हातचें आहे. आपल्या घरची सून आशा असेल, तर तिच्या भेटीगांठींच्या दिवशीं कांद्याची काढणी तिच्यावर लादूं नये, हेंहि त्यांच्याच हातचें आहे.

आतां दुसऱ्या वर्गाकडे वळूं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, आणि पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतील तरुण लॅपटॉप घेऊन गांवीं आले. त्यांपैकीं बरेचसे पुढें कंपनीनें बोलावल्यावर परत गेले. कांहींजणांचें काम मात्र घरूनच चालू राहिलें. तेव्हां अशी नोकरी कायमची समजून कोणी शहरांतील बिऱ्हाड मोडूं नये. परंतु ही केवळ चैन आहे, असेंहि समजूं नये.

ह्या कामाचे प्रकार समजण्यास आपलीच भाषा पुरेशी आहे. कोणी सालदारासारखा असतो : कंपनी एकच, पगार महिन्याचा, फक्त जागा दूरची. हिशेब लिहिणें, संगणकाचे प्रोग्राम लिहिणें, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून उत्तरें देणें हीं कामें बहुधा ह्या रीतीनें चालतात. कोणी उक्तें घेतो : इतक्या पानांचें भाषांतर, इतकीं चित्रें, एका पुस्तकाची जुळणी, आणि काम पुरें झालें कीं पैसे. उक्त्यांत हात चालेल तितकी कमाई, पण आजारपण, सुटी, म्हातारपण हें सारें ज्याचें त्यानें पाहावयाचें. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत अशा कामकऱ्यांपैकीं 'गिग' व 'प्लॅटफॉर्म' कामगारांची व्याख्या प्रथमच आली. तथापि विमा व बचत ज्यानें त्यानें आपली करावी, हाच आमचा सल्ला.

परदेशी मालकाचें काम असेल तर घड्याळहि परदेशी असतें. न्यूयॉर्कपेक्षां आपली वेळ उन्हाळ्यांत साडेनऊ व हिवाळ्यांत साडेदहा तास पुढें. तिकडे सकाळीं नऊ वाजतां कचेरी उघडली, कीं इकडे दिवेलागण होते. मुलगा पहाटे झोंपतो, व सकाळीं दहापर्यंत अंथरुणांत असतो. पारावर त्याची गणना आळशांत होते. पाटपाण्याच्या पाळीस रात्रभर दारें धरणारा माणूस दिवसां झोंपला तर आपण त्यास आळशी म्हणत नाहीं. मग ह्यालाच कां म्हणावें?

ह्याच्या उलट दुसरा अन्याय असा, कीं तो घरींच असतो म्हणून त्यास फुकटचा गडी समजण्यांत येतें. मोटर चालू कर, खताची गोणी आण, पाहुण्यांस स्टँडवरून घेऊन ये, ह्या हांका दिवसभर चालतात. मुलाच्या बाबतींत हांका तरी मारतात. सुनेच्या बाबतींत मीटिंग चालू असतांना चहाच मागतात. तिच्या कामाचे तास आधीं ठरवून त्या वेळांत खोलीचें दार बंद राहील, एवढी सोय ज्या घरांत होत नाहीं, तेथें ही नोकरी वर्षभरहि टिकत नाहीं.

लबाडीविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे. घरबसल्या टंकलेखनाचें काम म्हणून आधीं अनामत घेणें, मग 'चुका फार झाल्या, करार मोडला' म्हणून वकिलाच्या नांवाची नोटीस पाठविणें, हा प्रकार जुना. व्हिडिओस पसंती दिल्याबद्दल पहिल्या दिवशीं थोडे पैसे खरोखरच देऊन पुढें हजारों रुपये भरावयास लावणें, हा नवा. खरा मालक कामाचे पैसे देतो, मागत नाहीं. पैसे गेलेच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या कांहीं तासांत रक्कम अडविली जाण्याचा संभव असतो. परदेशीं भरपूर पगाराच्या संगणकी कामाचें आमिष दाखवून नेलेले शेंकडों भारतीय तरुण फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले होते. २०२५ सालीं सरकारनें त्यांस म्यानमारच्या सरहद्दीवरून सोडवून आणलें.

कराचीहि एक बाब ध्यानांत ठेवावी. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त असलें तरी हें उत्पन्न तसें नाहीं. दोन्ही उत्पन्नें असणाऱ्याच्या बाबतींत शेतीचें उत्पन्न मोजणींत धरून कराचा दर ठरतो. सातबारा दाखवून सारेंच उत्पन्न शेतीचें आहे असें सांगण्याचा मोह कित्येकांस होतो. पैसे कोठून आले हें बँकेच्या खात्यावर लिहिलेलें असतें.

आम्ही सांगितलेले दोन वर्ग आतां एकमेकांस मिळूंहि लागले आहेत. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीच्या द्वारें दूरच्या डॉक्टरास रोग्याची हकीकत पडद्यावर सांगतो, व औषधाची चिठ्ठी तेथल्या तेथें मिळते. नाडी पाहणें, जखम धुणें, अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यास कुशीवर वळविणें हें मात्र जवळच्याच माणसानें करावें लागतें.

शेवटीं विजेचें. गावठाणांतील घरास बहुधा अखंड वीज असते. परंतु शेतांतील वस्तीवरच्या घराची जोडणी शेतीच्या फीडरवर असल्यास तेथें पंपाच्या पाळीप्रमाणें वीज येते-जाते. ज्यांचा मुलगा वा सून वस्तीवरून अशी नोकरी करूं पाहत असेल, त्यांनीं इंटरनेटच्या जोडणीपूर्वीं विजेची चौकशी करावी, आणि गावठाणाची वाहिनी जवळ असल्यास तिच्यावरून निराळी घरगुती जोडणी मिळण्यासाठीं महावितरणच्या उपविभागांत अर्ज द्यावा. ती मिळेपर्यंत इन्व्हर्टर, किंवा गावठाणांतील भाऊबंदांच्या घरांतील एक खोली.