झेब्र्याच्या अंगावर पट्टे कशाला?

भारतातल्या कुठल्याच रानात झेब्रा नाही. ताम्हिणीच्या जंगलात शेकरू दिसेल, भेकर दिसेल. झेब्रा मात्र फक्त आफ्रिकेचा. तरीही मुळशी तालुक्यातलं अंगणवाडीतलं पोरसुद्धा त्याला ओळखतं, कारण इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यात अगदी शेवटच्या चौकटीत तो उभा असतो. तक्ता फक्त चित्र दाखवतो. पुढचं सगळं मुलं आपल्याला विचारतात, आणि त्यांना खरी उत्तरं मिळायला हवीत.

मी याच तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. ज्यांच्या घरी गोठा आहे, त्या मुलांना झेब्रा फार चटकन समजतो. म्हणून मी सुरुवात गाईपासून करते. गाईचा खूर दुभंगलेला असतो, झेब्र्याचा एकसंध. म्हणजे तो घोड्या-गाढवांच्या कुळातला. त्याला शिंगं नसतात. अंगावर कोणी आलं, तर तो मागच्या पायांनी लाथा झाडतो आणि कडकडून चावतो. गाय चरून आली की निवांत बसून रवंथ करते, झेब्रा रवंथ करत नाही. त्याचं गवत पुढे मोठ्या आतड्यांत आंबून पचतं. त्यातून पोषण कमी निघतं, म्हणून त्याला दिवसाचे बरेच तास चरावं लागतं. पण त्यामुळेच इतर जनावरं ज्याला तोंड लावत नाहीत, ते उंच, राठ गवतही तो खातो. सेरेंगेटीच्या माळांवर सुमारे 2 लाख झेब्रे कळपाकळपाने फिरतात. ते वरचं जाडंभरडं खाऊन जातात आणि मागून येणाऱ्या विल्डबीस्ट नावाच्या प्राण्यांना खालचा कोवळा चारा मोकळा होतो.

गाय नऊ महिन्यांनी विते, झेब्र्याची मादी बारा-तेरा महिन्यांनी. पिल्लू साधारण पाव तासात उभं राहतं आणि तासाभरात पळू लागतं. आजूबाजूला सिंह आणि तरस असताना लोळत पडून चालत नाही. जन्मतः त्याचे पट्टे तपकिरी असतात, पुढे ते काळे होतात. पहिले काही दिवस आई बाकीच्या झेब्र्यांना जवळ फिरकू देत नाही. तेवढ्या दिवसांत पिल्लू तिचा वास, तिचा आवाज आणि तिचे पट्टे ओळखायला शिकतं. दोन झेब्र्यांचे पट्टे कधीच एकसारखे नसतात.

मग हमखास प्रश्न येतो, “बाई, त्याला रंग कोणी दिला?” हा प्रश्न जहांगीर बादशहाच्या दरबारातही पडला होता. 1621 मध्ये आफ्रिकेतून आणलेला एक झेब्रा त्याच्यापुढे उभा केला, तेव्हा पट्टे रंगवलेले असावेत असं अनेकांना वाटलं. नीट तपासल्यावर ते खरेच निघाले. जहांगीराने उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्या झेब्र्याचं चित्र काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आता पांढऱ्यावर काळे पट्टे की काळ्यावर पांढरे? केसांखालची झेब्र्याची कातडी सगळी काळीच असते. काही केसांत रंग उतरतो, काहींत उतरत नाही. म्हणून काळ्यावर पांढरे म्हणणं जास्त बरोबर.

आणि पट्टे कशाला? इथे गोठ्यातल्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मुळशीत गोमाशा किती छळतात, ते त्यांनी पाहिलेलं असतं. गाय शेपूट हाणते, कातडी थरथरवते, पाय आपटते. संध्याकाळी आजी गोठ्यात धूर करते. आफ्रिकेत या माशा रक्त तर पितातच, शिवाय रोगही पसरवतात. झेब्र्याचे केस आखूड, त्यामुळे माशीची सोंड सहज कातडीपर्यंत पोहोचते. टिम कॅरो या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये घोड्यांवर निरनिराळ्या झुली घालून पाहिल्या: काळी, पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची. पट्टेरी झुलीवर माशा फारच कमी बसल्या. डोकी उघडी होती, तिथे मात्र सगळ्या घोड्यांवर सारख्याच बसल्या. पट्ट्यांजवळ माशा येत होत्या, पण वेग कमी न करता आपटत होत्या किंवा पुढे निघून जात होत्या. हे संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा माशांचे चावे जवळजवळ निम्म्यावर आले. पोळ्याला बैल रंगवणाऱ्या मुलांना हा प्रयोग एका वाक्यात कळतो. सिंहाला चकवण्यासाठी पट्टे असतात, असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. सिंह झेब्र्याची शिकार मात्र सर्रास करतो. माशांचा पुरावा त्याहून कितीतरी भक्कम आहे.

झेब्रे तीन जातींचे: मैदानी, डोंगरी आणि ग्रेव्ही. ग्रेव्ही सर्वांत मोठा, अंगावर बारीक पट्टे, पोट पांढरं. तो केनिया आणि इथिओपियात उरलाय, 3,000 च्या आसपास. मैदानी झेब्र्यांतलीच क्वागा नावाची पोटजात, जिच्या मागच्या अंगावर पट्टे जवळजवळ नव्हतेच, माणसाने शिकार करून संपवली. शेवटची क्वागा 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. हे लहान मुलांना सांगू नये, असं काही पालकांना वाटतं. मला वाटतं, जरूर सांगावं, आणि त्याला जोडून केनियाची गोष्टही सांगावी. 2016 मध्ये तिथल्या सामान्य नागरिकांनी, शाळकरी मुलांनीही, ग्रेव्ही झेब्र्यांचे फक्त उजव्या बाजूने फोटो काढले. पट्ट्यांवरून संगणकाने एकेक झेब्रा ओळखला आणि गणती झाली. प्राणी वाचवण्याच्या कामात मुलांचाही हात लागू शकतो, हे त्यातून मुलांना कळतं.

पालकांना आणि माझ्या शिक्षक मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. तक्त्यावरचा झेब्रा पाठ करून घेऊ नका. मुलांना आधी गोठ्यात न्या, गाईचा खूर दाखवा, तिचा रवंथ बघू द्या, तिच्या अंगावरच्या माशा बघू द्या. मग झेब्र्याचं पुस्तक उघडा. मुलं स्वतःच प्रश्न विचारतील, आणि तेव्हा त्यांना खरं उत्तर द्या.